आडवी लॉरी

एकनाथराव आणि भामा मुसी नदीवरनं गवताची बंडी भरून परतले, तेव्हा त्यांच्या तबेल्याच्या तोंडावर एक लॉरी आडवी उभी होती. पुढचं डावं चाक मागं सरकून मडगार्डात रुतलं होतं आणि सगळं धूड त्या बाजूला कललं होतं. ऊन चढलेलं. बैलांना भिंतीपलीकडच्या हौदाचा वास येत होता, ते थांबायला तयार नव्हते. एकनाथरावानं कासरा ओढला तशा त्यांनी माना वाकड्या केल्या आणि फुरफुरत उभे राहिले.

लॉरीखालनं एक माणूस सरपटत बाहेर आला. पन्नाशी ओलांडलेला, दाढी पांढरी, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली, कोपरापर्यंत ग्रीस.

"पाटा टूट गया, पटेल," तो म्हणाला. "एक्सल सरक को चक्का फँस गया. फिरताइच नै."

"मग आमी आत कसं जायचं?"

माणसानं भिंतीकडं बघितलं, बंडीकडं बघितलं आणि हात लुंगीला पुसले. "सेठ को फोन करताऊँ. मिस्त्री भेजते."

तबेला जुना होता. एकनाथरावाचे वडील भालकीकडनं म्हशी घेऊन इथं आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि आजूबाजूला नुसती सीताफळीची झाडं होती म्हणत. आता दिलसुखनगरचा बाजार वाढत वाढत इथवर येऊन ठेपला होता. एका अंगाला चार मजल्यांची कोचिंगची इमारत, दुसऱ्या अंगाला रंगीत टीव्हीचं नवं दुकान, आणि मधे ही दगडी भिंत, आत आठ म्हशी. भिंतीला तोंड एकच, बंडी जाईल एवढं. लॉरीचं शेपूट आणि भिंत यांच्यात आता माणूस अंग चोरून निघेल एवढीच फट उरली होती.

बैल सोडून समोरच्या कडुनिंबाला बांधले. गवत गोणपाटात बांधून डोक्यावरनं आत न्यायचं, दुसरा इलाज नव्हता. मुसीचं गवत काळ्या पाण्यात वाढलेलं, भारी. ओझं डोक्यावर घेतलं की पाणी मानेवरनं पाठीत उतरायचं आणि त्याचा वास दिवसभर अंगाला राहायचा. फटीतनं जाताना भामाची छाती भिंतीला घासायची आणि पाठ लॉरीच्या तापलेल्या पत्र्याला लागायची. दोन खेपा झाल्यावर तिनं बाजू बदलली. एकनाथराव उंच, आणि कललेल्या लॉरीची वरची कड भिंतीकडं झुकलेली. त्याला वाकून शिरावं लागे, आणि वाकलं की ओझं पुढं सरकून सगळा भार उजव्या खांद्यावर यायचा.

लॉरीवाल्यानं एक ओझं उचलायला हात घातला.

"राहू दे," एकनाथराव म्हणाला.

त्यानं हात मागं घेतला आणि लॉरीच्या पायरीवर जाऊन बसला.

संध्याकाळी किशोर घरी आला. भामाचा हा एकुलता एक मुलगा बस डेपोसमोरच्या एस.टी.डी. बूथवर कामाला होता. आल्या आल्या म्हणाला, "माय, आपल्या दारातला लॉरीवाला बूथवर आला होता. खाजामियाँ नाव त्याचं. हुमनाबादचा हाय. मालक गुलबर्ग्याला."

"काय म्हणला मालक?"

"मला काय ऐकू येतंय. काचेच्या आत असतंय माणूस. पण ह्याचं ऐकू येत होतं. हौ साब, नै छोडता साब, हात नै लगाताऊँ साब. एवढंच तीनदा म्हणला."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेणाची बंडी बाहेर जाईना म्हणून भामा पाट्या भरभरून शेण रस्त्याकडेला टाकू लागली. कोचिंगचा मॅनेजर टाय लावून खाली आला आणि नाकाला रुमाल धरून म्हणाला, की हे आता शहर आहे, तुमचं खेडं नाही. भामा डोक्यावरची पाटी धरून उभी राहिली. पाटी उतरवायला जागा नव्हती. पोरं गॅलरीतनं बघत होती. ती तशीच वळली आणि पाटी परत आत घेऊन गेली.

मग एकनाथराव चौकात जाऊन ट्रॅफिकच्या जमादाराला बोलावून आला. जमादाराचं नाव यादगिरी. पोट सुटलेला, सावकाश बोलणारा. तेलुगू, उर्दू आणि मराठी, समोर जसा माणूस असेल तशी भाषा काढायचा. तो लॉरीभोवती एक फेरी मारून आला, खिशातनं खडू काढला, मागच्या टायरवर एक रेघ ओढली आणि ती तशीच खाली डांबरावर आणली.

"हे कशाला?" भामानं विचारलं.

"चक्कं हललं तर रेघ तुटते अम्मा. नाही हललं तर नाही तुटत."

"ते तर दिसायलंच की."

"मला दिसतं. साहेबाला कचेरीत बसून दिसत नाही, त्याला हे सांगायचं."

एकनाथराव म्हणाला, "उचलून कामून नेत नाही तुमी?"

"गाडीत माणूस आहे ना पटेला." यादगिरीनं पायरीवर बसलेल्या खाजामियाँकडं बोट केलं. "माणूस आहे म्हणजे ही बंद पडलेली गाडी. मालकाला हलव म्हणायचं, नाही हलवली तर आम्ही हलवायची. पण एवढ्या गाडीला आमची क्रेन एकच, आणि ती आता दुसरीकडं अडकली. माणूस नसता, दहा तास कोणी फिरकलं नसतं, तर ही बेवारस. मग ठेकेदाराची नवी क्रेन आहे. ती लगेच येते. बेवारस गाडी लिलावाला जाते, आणि लिलावात घ्यायला तोच उभा असतो."

भामाला हे नवीन होतं. तिनं पाटी खाली ठेवली. "माणूस हाय पण झोपलाय, तर?"

"तर आहे."

"पाणी आणायला गेलाय, तर?"

"परत येतो ना. तर आहे."

"आन मालकाला गाडी नकोच आसली, पण माणूस बसलाय, तर?"

यादगिरी खडू खिशात टाकता टाकता थांबला. "तुमच्या माहेरी कोणी वकील आहे का अम्मा?" तो म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

त्या दिवसापासनं भामा येता जाता खाजामियाँकडं बघू लागली. हा माणूस लॉरी सोडून जायचा नाही. सकाळी पाण्याचा डबा घेऊन रेल्वेच्या रुळांकडं पळायचा आणि पळतच परत यायचा. कोचिंगच्या नळावर आंघोळीला गेला तरी तोंड लॉरीकडं. झोपायचा केबिनमधल्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन. बूथवर फोन करायला जायचा तेव्हा टीव्हीच्या दुकानातल्या वॉचमनला हात जोडून सांगून जायचा. सेठ आता फोनवर यायचा नाही, मुन्शी यायचा. मुन्शी म्हणायचा, बैठ, मिस्त्री निकलताय.

एके दुपारी भामानं त्याला भाकरी आणि पिठलं नेऊन दिलं. एकनाथराव पलीकडं बैलांना पाणी दाखवत होता.

"तुमाला दुरुस्त करता येत नाही का हे?" तिनं विचारलं.

"पूरा नै आता भाभी. पन जॅक लगा को, एक्सल आगे खींच को, चैन से बाँधे तो धीरे धीरे चलतीच. मैंच चलाया ना इत्ते बरस इसकू."

"मग बांधा की. थोडी पुढं सरकली तरी आमची बंडी आत जाईल."

"सेठ बोले, मिस्त्री आने तक हात नक्को लगाना."

"आन मिस्त्री आलाच नाही तर?"

"सेठ बोले ना भाभी." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तिला हे कळावं असं त्याला वाटत होतं, आणि कसं सांगावं ते त्याला कळत नव्हतं.

एकनाथरावानं बादली आपटली. ते सगळं त्यानं ऐकलं होतं. त्याचा उजवा खांदा सुजून वर आला होता. रोज रात्री भामा तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधून त्याला शेक द्यायची. गवत उशिरा पडत होतं, त्यामुळं दुधाची धार कमी झाली होती. त्यांचं दूध घेणारा इराणी हॉटेलवाला दोनदा म्हणाला होता, की पाकिटाचं दूध आता दारात मिळतं. हे सगळं ज्याच्यामुळं, तो म्हणत होता की मला हलवता येतं पण हलवत नाही. एकनाथराव बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

मग खाजामियाँनं जेवण सोडलं. भामानं ठेवलेली थाळी पायरीवर तशीच राहिली, तिच्यावर माश्या. तिनं वर चढून केबिनची काच ठोकली. आत तो त्या उकाड्यात चादर अंगावर घेऊन कुडकुडत होता. डोळे हळदीसारखे पिवळे.

"अहो," तिनं हाक मारली, "इकडं या."

एकनाथरावानं वर बघितलं. वर चढला, त्याला सुजलेल्या खांद्यावर घेतलं आणि उतरू लागला. खाजामियाँनं दाराची कडी धरली होती. "गाड़ी छोड़ को नै आता पटेल, नै आता," असं तो पुटपुटत होता. एकनाथरावानं त्याची बोटं एक एक करून सोडवली. रिक्षात घालून त्याला नल्लकुंट्याला कोरंटीच्या, साथीच्या रोगांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भरती करून घेतला. एकनाथराव परत आला तेव्हा त्याच्या शर्टावर ओकारीचे डाग होते.

"कावीळ म्हणले," त्यानं सांगितलं. "वाचंल म्हणले." हात पाय धुऊन तो जेवायला बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "लॉरीत आता कोणी नाही."

भामा भाकरी थापत होती.

"यादगिरीला सांगून आलो. सकाळी क्रेन आणतो म्हणला."

"आन खाजाभाई आल्यावर?"

"मी त्याला मारलं नाही, दवाखान्यात टाकून आलो. आणखी काय करू? माझ्या म्हशी वाळायलेत." त्यानं पाणी प्यायलं. "सोडून जा म्हणलो नाही मी त्याला. गेला, तर गेला."

तो खोटं बोलत नव्हता. भामानं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी किशोर दवाखान्यात जाणार होता. त्याच्याबरोबर खाजामियाँची चादर आणि ताटली द्यावी म्हणून भामा केबिनमध्ये चढली. आत पहिल्यांदाच गेली. स्टिअरिंगला रंगीत वायरीची वेणी गुंडाळलेली होती. पुढं काचेवर एका दर्ग्याचं चित्र, त्याला वाळलेला मोगरा. सीटला एका माणसाच्या बसण्याचा खड्डा पडला होता. तिनं चादरीची घडी केली, ताटली त्यात ठेवली, किशोरला खिडकीतनं दिली. मग खाली उतरायच्या आधी, कसं वाटतं बघावं म्हणून, त्या खड्ड्यात बसली.

किती उंच होतं ते. टीव्हीच्या दुकानाचं छप्पर दिसत होतं, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. भिंतीवरनं आपला सगळा तबेला दिसत होता. हौद, दावणी, तिनंच थापलेल्या गोवऱ्या, सगळं एका नजरेत, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. खाली एकनाथराव ओझं घेऊन आला, फटीशी वाकला, ओझं टेकवून त्यानं चुंबळ नीट करायला काढली. त्याच्या टाळूवर रुपयाएवढी जागा सोललेली होती. लाल, ओली. तो उंच होता आणि ती ठेंगणी, इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं डोकं तिनं वरनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं चुंबळ परत त्याच जागेवर ठेवली आणि ओझं घेऊन आत शिरला.

ती उतरायला निघाली आणि क्रेन आली.

ठेकेदाराची, पिवळी, नवी कोरी. तिचा आकडा हलत होता. मागनं यादगिरीची मोटारसायकल. क्रेनवरचा ऑपरेटर उडी मारून उतरला आणि साखळी ओढत लॉरीच्या तोंडाशी आला. वर बघितलं तर बाई.

"दिगू, दिगू अम्मा," तो तेलुगूत ओरडला. उतर म्हणून.

भामाचा हात दाराच्या कडीवर होता. तिनं तो काढून घेतला. का काढला ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. आपण उतरलो की काय होईल ते तिला स्पष्ट दिसलं, आणि नाही उतरलो तर काय होईल ते दिसेना, आणि ते बघावंसं वाटलं.

यादगिरी खिडकीखाली आला. "काय अम्मा?"

"मी बसलेय."

"दिसतंय. लॉरी तुमची?"

"नाही."

"मग उतरा."

"तुमीच म्हणलात ना, माणूस आसला तर बेवारस नाही. मी हाय की आत. खाजाभाईनं मला राखायला सांगितली."

खाजामियाँनं असं काही सांगितलं नव्हतं. ऑपरेटर हसला. कोचिंगची पोरं खाली उतरली होती, तीही हसली. मॅनेजर रुमाल घेऊन उभा. ऑपरेटरनं दारावर थाप मारली, म्हाताऱ्या म्हशीला उठवतात तशी, आणि काहीतरी म्हणाला, त्यावर पोरं आणखी हसली. भामाचे कान तापले. पदर डोक्यावर ओढून ती पुढच्या काचेतनं समोर बघत राहिली.

एकनाथराव फटीतनं बाहेर आला. अंगावर गवताच्या काड्या. त्यानं क्रेन बघितली, गर्दी बघितली, आणि वर बायको बघितली.

"उतर," तो म्हणाला.

"नाही."

"भामा, लोक बघायलेत."

"बघू द्या."

त्यानं आयुष्यात तिला चारचौघांत दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. बाजूला जाऊन उभा राहिला, मान खाली.

यादगिरी डोकं खाजवत होता. "असं बघा अम्मा, माणूस असला तरी मला गाडी हलवता येते. वाट अडली आहे."

"मग हलवा की. कोण नको म्हणलं? तुमाला रस्ता मोकळा पायजे का लॉरी पायजे?"

"मला रस्ता."

"मेरेकू लॉरी," ऑपरेटर म्हणाला, आणि या वेळी पोरं त्याला हसली.

भामानं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "जमादारसाब, रस्ता कुठं संपतो?"

यादगिरीनं इकडं तिकडं बघितलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. त्यानं काठीनं भिंतीलगतची नाली दाखवली. "इथवर सरकारचा. नालीपलीकडं तुमचा."

"नालीपलीकडं तुमची सत्ता नाही?"

"नाही."

"मग नालीपलीकडं नेऊन ठिवा."

सगळ्यांनी तोंडाकडं बघितलं. बंडी जाईल एवढं तोंड, आणि ही लॉरी.

"जात नाही," यादगिरी म्हणाला.

क्रेनमागं एक बस हॉर्न वाजवत खोळंबली होती. मग एकनाथराव आत गेला. भामाला वाटलं, रागानं गेला. तो पहार घेऊन परत आला. तोंडाचा डावा दगडी खांब जरा बाहेरच्या अंगाला झुकलेला होता. त्याच्या बुडाशी त्यानं पहार घातली.

"वाकडाच झाला होता," तो म्हणाला, कुणाकडं न बघता. "काढायचाच होता एक दिवस."

खांब पडला, त्याच्याबरोबर हातभर भिंत पडली. क्रेननं लॉरीचं तोंड उचलून धरलं आणि तिला ढकलत ढकलत मागच्या चाकांवर आत घातलं. म्हशींनी दावी ताणली. भामा केबिनमधनं उतरली नाही. कललेल्या सीटवर स्टिअरिंग धरून आत गेली. यादगिरीनं क्रेनचं भाडं मालकाच्या नावावर लिहून घेतलं, लॉरीचा नंबर घेतला आणि रस्त्यावरची बस सोडली. त्या दिवशी दुपारी बंडी आत आली. तोंड आता इतकं रुंद होतं की बैल बिचकून थांबले.

खाजामियाँ दवाखान्यातनं आला तेव्हा निम्मा झाला होता. किशोरनं त्याला रिक्षातनं उतरवलं. रस्ता मोकळा होता, डांबरावर खडूची अर्धी रेघ तेवढी राहिली होती. ती बघून तो तिथंच खाली बसला.

"चाचा, आत बघा," किशोर म्हणाला.

तो आत आला. लॉरीच्या बंपरला एक म्हैस बांधलेली, ती रवंथ करत होती. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. पत्रा उन्हानं भाजत होता, तरी त्यानं हात काढला नाही. भामानं त्याला ताक दिलं, ते त्यानं उभ्यानंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो सेठला कळवायला बूथवर निघाला. एकटा चालू शकेल असं वाटेना म्हणून भामा बरोबर गेली. काचेच्या खोलीत दोघं मावत नव्हते, दार उघडंच ठेवलं. इंजिनापाशी बसून बसून खाजामियाँचा एक कान मंद झाला होता, म्हणून त्याच्याशी सगळे ओरडूनच बोलायचे. त्यामुळं पलीकडचं भामालाही ऐकू येत होतं. या वेळी सेठ स्वतः होता.

"कौन, खाजा? तू अभी तक उधरइच है?"

"हौ साब. गाड़ी सलामत है साब. पुलिस उठारी थी, नै उठाने दिए. एक पटेल अपने घर में लेको रखे."

"कायकू नै उठाने दिए?" सेठ म्हणाला. "अरे, मैं नवी दो गाड़ियाँ लिया फायनान्स पो. उसके कागज भी खतम हुए. पुलिस उठाती थी तो किस्सा खतम होता था. मुन्शी नै बोला तेरेकू?"

"नै साब. मुन्शी बोले, बैठ."

"छोड़ दे उसकू. और सुन, नवी गाड़ियों पो जवान ड्रायवर रखा मैं. तू आराम कर अब."

फोन ठेवल्याचा आवाज आला. खाजामियाँनं रिसीव्हर थोडा वेळ तसाच धरला. मग जागेवर ठेवला, नीट, वायर सरळ करून.

येताना भामाला पुष्कळ विचारायचं होतं. ती त्याच्या चालीनं, सावकाश, नुसती चालत राहिली.

घरी आल्यावर त्यानं सीटखालची हत्यारांची पेटी बाहेर काढली. जॅक काढला, साखळी काढली, लुंगी वर खोचली आणि लॉरीखाली शिरला. एकनाथराव दावणीतनं बघत होता. जॅकला खाली आधार सापडेना. तेव्हा एकनाथरावानं पडलेल्या खांबाचा दगड ढकलत आणून दिला. मग पहार दिली. मग स्वतःच खाली शिरला.

"किधर ओढू?"

"आगे पटेल, आगे. मैं बोलूँ तो रुकना."

दोघं दुपारभर लागले होते. खाजामियाँला मधेच घाम फुटायचा, तो मातीत आडवा पडून डोळे मिटायचा, आणि एकनाथराव पहारीवर भार देऊन तो परत सांगेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. शेवटी एक्सल साखळीनं आवळून बांधला. खाजामियाँ वर चढला, चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि धरलं. बंपरची म्हैस दावं तोडून पळाली. चाक मडगार्ड सोडून एक वेढा फिरलं.

"आता चालती की ही," भामा म्हणाली. "घिऊन जावा तुमीच हुमनाबादला. त्याला नको हाय ना."

"रस्ते पो कोई पूछे, किसकी है, तो क्या बोलूँ भाभी? कागज नै, मालिक नै. चोर बोलते." त्यानं इंजिन बंद केलं.

लॉरीचं आता काय करायचं म्हणून यादगिरीला विचारलं, तर तो म्हणाला, "आत आहे तोवर माझ्या कायद्यात बसत नाही. रस्त्याकडेला नेऊन उभी कर, वाट न अडवता. चावी मला दे. आणि तू जा. तू दिसलास तर मला बेवारस लिहिता येत नाही."

"किधर जाऊँ?"

"कुठंही. संध्याकाळपर्यंत नजरेआड."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाजामियाँनं लॉरी धुतली. पुढची काच आतनं पुसली, दर्ग्याचं चित्र काढून खिशात घातलं. मग ती लंगडत लंगडत रस्त्यावर काढली आणि टीव्हीच्या दुकानापलीकडं, जिथं रस्ता रुंद होता, तिथं नालीला लावून उभी केली. चाकाला दोन दगड लावले. खिडक्या वर केल्या. यादगिरी चावी घ्यायला उभा होता. ती दिल्यावर खाजामियाँचे हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. लुंगीला पुसत राहिला.

एकनाथरावानं बंडी त्याच्याजवळ आणून थांबवली. भामा मागं सरकली आणि जागा केली.

"चला," ती म्हणाली.

मुसीच्या काठावर गवत कमरेएवढं होतं. पाणी काळं, त्यावर फेस, फेसात पांढरे बगळे. खाजामियाँनं विचारलं, वैशाखात इतकं हिरवं कसं. एकनाथराव म्हणाला, "साऱ्या शहराची मोरी इथं येती. माणसाला घाण, म्हशीला गोड." त्यानं त्याला एक विळा दिला. खाजामियाँला गवत कापता येत नव्हतं. पातं त्याच्या बोटाला लागलं, ते त्यानं तोंडात धरलं, परत कापायला लागला. त्याच्या मागं बुडखे वरखाली राहत होते. भामा ते गुपचूप सारखे करत गेली. ऊन डोक्यावर आलं तशी त्याला चक्कर आली. त्याला भरलेल्या बंडीवर चढवला.

बंडी दिलसुखनगरच्या रस्त्याला लागली. टीव्हीच्या दुकानापलीकडची जागा रिकामी होती. तिथं दोन दगड तेवढे पडलेले होते आणि डांबरावर तेलाचा डाग. भामानं वळून वर बघितलं. त्याला दिसलं का, तो काय करतो, हे तिला बघायचं होतं.

खाजामियाँ झोपला होता. ओल्या गवतावर उताणा, हात पाय पसरून, तोंड उघडं. गवताचं पाणी त्याच्या दाढीतनं ओघळत होतं.

तिनं एकनाथरावाच्या खांद्याला हात लावला. त्यानं मागं बघितलं आणि बैलांना हाक न मारता नुसता कासरा सैल सोडला. बैल आपल्या चालीनं रुंद तोंडातनं आत गेले. त्यानं जू उतरवलं, बंडीला टेकू लावला, बैलांना हौदावर सोडलं. आणि मग दुसऱ्या बाजूनं, खालनं, मूठ मूठ करत गवत काढायला सुरुवात केली.